कागद की स्टील? कॉफीच्या गाळणीतला चांदा जिल्हा

कॉफीच्या नादी लागलेल्या माणसाला साधारण तिसऱ्या महिन्यात एक प्रश्न पडतो. बिया कुठल्या घ्यायच्या, किती बारीक दळायच्या, पाणी किती गरम हवं हे सगळं तोवर पार पडलेलं असतं. मग लक्षात येतं की गाळायचं कशातून हे अजून ठरलेलंच नाही. एकदा वापरून फेकायचा कागदाचा फिल्टर, की धुवून वर्षानुवर्षं वापरायचा स्टीलचा?

यावर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "कागद म्हणजे झाडं तोडणं. स्टील घे, जन्मभर पुरेल." आणि दुसरं, "स्टीलसाठी डोंगर खणावा लागतो, भट्टी पेटवावी लागते. कागद काय, मातीत जातो आणि माती होतो." दोन्ही उत्तरं ऐकायला छान आहेत. फक्त ती देणाऱ्यांनी बहुतेक वेळा ना ते जंगल पाहिलेलं असतं, ना तो डोंगर.

मी मूळचा चिमूरचा. पोटासाठी हिंजवडीत असलो तरी गाव तेच. चिमूर म्हटलं की लोकांना १६ ऑगस्ट १९४२ आठवतो, नाहीतर थेट ताडोबाचे वाघ. पण आमच्या जुन्या चांदा जिल्ह्याची (१९८२ मध्ये त्याचे चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे झाले) आणखी एक ओळख आहे, जी शाळेत फारशी कुणी सांगत नाही. जमशेदजी टाटांना पोलादाच्या कारखान्याचं वेड लागलं ते या जिल्ह्यातल्या लोखंडावरून. आणि स्वतंत्र भारतानं शाळेच्या वह्यांपासून सरकारी फायलींपर्यंत जो कागद वापरला, त्यातला बराचसा या जिल्ह्यातल्या बांबूचा होता. म्हणजे कागद की लोखंड हा प्रश्न आमच्यासाठी घरचाच झाला की! तेव्हा या शनिवार-रविवारी त्याचा नीट छडा लावायचं ठरवलं. आधी कॉफीचा इतिहास, मग चांद्याचा, आणि शेवटी निकाल.

टीपकागद आणि खिळा

कागदी फिल्टर ही कुठल्या कंपनीच्या प्रयोगशाळेतली भानगड नाही. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाची एक गृहिणी होती. त्या काळी कॉफी एकतर भांड्यात उकळायची, नाहीतर कापडातून गाळायची. उकळली तर तोंडात चोथा येतो आणि चव कडवट होते. कापड वापरलं तर ते रोज धुवा, वाळवा, आणि एवढं करूनही त्याला जुन्या कॉफीचा वास लागतोच. (चहाच्या टपरीवरचं ते तपकिरी फडकं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे बाईंचं दुःख कळेल.)

१९०८ मध्ये बाईंनी एक पितळी भांडं घेतलं, त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली आणि आत मुलाच्या वहीतला टीपकागद ठेवला. वर कॉफीची पूड, त्यावर गरम पाणी. खाली आली ती स्वच्छ, चोथा नसलेली कॉफी. त्याच वर्षी जूनमध्ये बर्लिनच्या पेटंट कार्यालयात त्याची नोंद झाली आणि डिसेंबरमध्ये घरातच कंपनी उभी राहिली. कंपनी आजही आहे आणि आजही तिचं नाव मेलिटाच आहे. सध्या दिसतो तो शंकूसारखा आकार मात्र नंतरचा, १९३० च्या दशकातला.

यात एक गंमत आहे. पहिला कागदी फिल्टर निव्वळ कागदी नव्हताच. कागदाला आधार द्यायला खाली भोकं पाडलेलं पितळ होतं. म्हणजे "कागद की धातू" या वादाच्या मूळपुरुषाच्या (चुकलो, मूळस्त्रीच्या) घरी दोघे एकत्र नांदत होते :-)

पितळ, कल्हई आणि स्टील

धातूचा फिल्टर कागदाहून जुना आहे. १८०० च्या आसपास फ्रान्समध्ये एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांचं कॉफीपात्र आलं होतं. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक भोकं, कॉफी थेंबथेंब खालच्या भांड्यात. आपल्या दाक्षिणात्य फिल्टरचं तत्त्वही हेच. माटुंग्यात ज्यानं एकदा तरी डबरा-टंबलरमधली कॉफी प्यायली आहे त्याला हे यंत्र समजावून सांगायची गरज नाही. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर दांड्याची चकती, उकळतं पाणी ओता, झाकण लावा आणि विसरून जा. सकाळी डिकॉक्शन तयार.

हे फिल्टर आधी पितळेचे असत. पितळेत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कल्हई लावावी लागे. स्टेनलेस स्टील ही तुलनेनं नवी गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रियर्लीनं ते १९१३ मध्ये बनवलं, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते सर्रास आलं स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत. म्हणजे ज्याला आपण "पारंपरिक स्टीलचा फिल्टर" म्हणतो, त्यातलं स्टील मेलिटाबाईंच्या कागदापेक्षा वयानं लहान आहे! परंपरेचं हे असंच असतं. आजीनं वापरलं की ते प्राचीन झालं.

मराठी घरांतली कॉफी या दोन्हींपैकी कशातलीच नाही. दूध-पाणी-साखर एकत्र उकळायची, पूड टाकायची, वर जायफळ किसायचं आणि चहाच्याच गाळणीतून कपात ओतायची. त्यामुळे आपल्याकडे फिल्टरचा प्रश्न कधी आलाच नाही. गाळणी ती गाळणी. खरं तर कॉफीचं पीक विदर्भात आहे, चिखलदऱ्याला मेळघाटच्या डोंगरात. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं, विदर्भ पितो चहाच.

नॉर्वेतलं कोलेस्टेरॉल

१९८० च्या दशकापर्यंत कागद की धातू हा चवीचा आणि सोयीचा मामला होता. मग त्यात डॉक्टर आले.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला ट्रॉम्सो नावाचं गाव आहे. तिथे हृदयविकारावर मोठा अभ्यास चालू होता. १९८३ मध्ये त्यातल्या साडेचौदा हजार माणसांची आकडेवारी प्रसिद्ध झाली आणि संशोधकांनी विचारलं, कॉफीनं कोलेस्टेरॉल वाढतं का? कारण जास्त कॉफी पिणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त दिसत होतं. पण बाहेरच्या इतर अभ्यासांत हे एवढं ठळक दिसत नव्हतं. मग भानगड काय?

ज्यांनी कधी डिबगिंग केलंय त्यांना ही गोष्ट आवडेल. एकाच्या मशीनवर बग येतो, दुसऱ्याच्या मशीनवर येत नाही, तेव्हा आपण विचारतो की दोन्हीकडे वेगळं काय आहे? वेगळी होती ती कॉफी करायची पद्धत. उत्तर नॉर्वेत कॉफी उकळून, न गाळता प्यायची रीत होती. पुढे डच संशोधकांनी गुन्हेगार शोधून काढला. कॉफीच्या बीमध्ये तेल असतं आणि त्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो. तो कोलेस्टेरॉल वाढवतो. हीच उकळलेली कॉफी कागदातून गाळून दिली तर तो परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, कारण तेल कागदाच्या तंतूंत अडकून राहतं. धातूच्या जाळीची भोकं त्या मानानं मोठी. ती चोथा अडवतात, तेल अडवत नाहीत. म्हणूनच जाळीतून आलेली कॉफी अंगानं दाट लागते आणि कागदातून आलेली हलकी, स्वच्छ लागते. चवीतला फरक आणि तब्येतीतला फरक, दोन्हींचं कारण एकच.

२०२० मध्ये नॉर्वेतल्याच पाच लाखांहून अधिक लोकांचा सुमारे वीस वर्षांचा मागोवा प्रसिद्ध झाला. त्यात फिल्टर कॉफी पिणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण न गाळलेली कॉफी पिणाऱ्यांपेक्षा कमी दिसलं. (अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होतंच असं नाही. पण दिशा तीच आहे.)

कागदाचीही एक काळी बाजू त्याच दशकात निघाली. कागद पांढरा करायला क्लोरीन वापरत, त्यातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि ती अगदी थोड्या प्रमाणात का होईना, कॉफीच्या फिल्टरमध्येही सापडली. तेव्हापासून तपकिरी फिल्टर आणि ऑक्सिजननं पांढरे केलेले फिल्टर बाजारात आले. आज पाकिटावर ते छापलेलं असतं.

इथपर्यंतचा हिशोब कपाच्या आतला झाला. आता कपाच्या बाहेर येऊ, कारण "झाडं तोडता का?" आणि "डोंगर खणता का?" हे प्रश्न अजून तसेच आहेत. एक खुलासा आधीच करतो. दुकानातला फिल्टर पेपर बल्लारपूरचा नसतो आणि माझ्या फिल्टरचं स्टील सूरजागडचं आहे असाही माझा दावा नाही. पण कागद आणि लोखंड जंगलातून बाहेर येतात तेव्हा नेमकं काय होतं, हे बघायला चांद्याइतकी चांगली जागा नाही. दोन्ही एकाच जिल्ह्यात.

लोहाऱ्याचा डोंगर

१८८२ मध्ये जमशेदजी टाटांच्या हातात एक सरकारी अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञानं तो चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयी लिहिला होता. त्यात म्हटलं होतं की लोहारा गावाजवळ उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा दगडी कोळसा तिथून फार लांब नाही. (लोहारा! तिथे लोखंड वितळवायचं काम किती जुनं असेल ते गावाचं नावच सांगतं.) टाटांची एम्प्रेस मिल तेव्हा नागपुरात चालू होतीच. म्हणजे ही सगळी त्यांच्या अंगणातली गोष्ट.

त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो पोलादाच्या भट्टीला चालेना. त्यात सरकारचे खाणीचे नियम इतके जाचक की कुणी शहाणा माणूस पैसा घालणार नाही. प्रकरण बारगळलं, पण टाटांच्या डोक्यातून गेलं नाही. १८९९ मध्ये कर्झनच्या काळात नियम सैल झाले, टाटांनी विषय पुन्हा काढला. पुढे सी. एम. वेल्ड हा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ आला आणि दोराबजी टाटांबरोबर चांद्याच्या जंगलात बैलगाडीनं हिंडला. खनिज खरोखर चांगलं होतं. पण मोठा कारखाना वर्षानुवर्षं चालेल एवढं नव्हतं, आणि कोळशाचा प्रश्न तर होताच. १९०४ च्या मे महिन्यात जमशेदजी वारले.

पुढची गोष्ट टाटांच्या प्रत्येक चरित्रात आहे. चांदा सोडून देत असल्याचं सांगायला दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचं होतं ते साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भाचा रंगीत नकाशा होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाच्या खुणा होत्या. तिथून दल्ली-राजहरा, मग प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंज, आणि शेवटी साकची, म्हणजे आजचं जमशेदपूर. १९०७ मध्ये कंपनी, १९१२ मध्ये पहिलं पोलाद. आणि नकाशातल्या त्या दल्ली-राजहऱ्याच्या लोखंडावर पुढे भिलाई उभी राहिली.

लहानपणी मला वाटायचं, अरेरे, आमच्याकडे जमशेदपूर व्हायचं राहिलं. आता तसं सरळ वाटत नाही. कारण त्या सगळ्या पत्रव्यवहारात खनिजाची प्रत आहे, कोळशाची राख आहे, रॉयल्टीचे दर आहेत. त्या डोंगराभोवती राहणाऱ्या माणसांना विचारायचं असतं, ही कल्पनाच त्यात नाही. तो काळच तसा होता, मान्य.

पण शंभर वर्षांनी? गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे मोठे साठे आहेत. तिथली ३४८ हेक्टरची खाण २००७ मध्ये लॉईड्स मेटल्सला भाडेपट्ट्यानं मिळाली. हा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा. अनेक ग्रामसभांनी विरोध केला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिज वाहणारे ट्रक एकाच दिवशी डझनावारी जाळले. २०२१ पासून खाण पुन्हा जोरात सुरू झाली. आज तिथे रोजगार मिळाला म्हणणारे आहेत, आणि डोंगर गेला, रस्त्यांची चाळण झाली म्हणणारेही आहेत. कधी कधी दोघे एकाच घरात असतात. "स्टील जन्मभर टिकतं" हे वाक्य खरं आहे. फक्त डोंगराला ते लागू नाही.

बल्लारपूरचा बांबू

आता कागदाकडे. "कागद म्हणजे झाडं" हे आपल्याकडे अर्धवट खरं आहे, कारण भारतात कागद बरीच वर्षं मुख्यतः बांबूपासून झाला, आणि बांबू वनस्पतिशास्त्रात झाड नसून गवत आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांबूचा लगदा करण्याचे प्रयोग झाले. १९२५ मध्ये बांबूच्या कागदाला आयात मालापासून संरक्षण देणारा कायदा आला. १९४५ मध्ये थापर समूहाची बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन झाली. जागा अगदी विचार करून निवडलेली. वर्धा नदीचं पाणी, शेजारी कोळशाच्या खाणी, दिल्ली-मद्रास रेल्वेमार्ग आणि मागे मैलोन् मैल बांबूचं जंगल. १९७५ पासून नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज.

बांबू गवत असला तरी १९२७ च्या भारतीय वन कायद्यात तो "झाड" आहे! व्याख्येतच लिहिलेलं होतं की झाड या शब्दात ताड, बांबू वगैरे आले. ही नुसती शब्दांची गंमत नाही. झाड म्हटलं की ते इमारती लाकडाच्या रांगेत बसतं, वनखात्याच्या मालकीचं होतं आणि खातं ते कारखान्याला दीर्घ मुदतीनं देऊ शकतं. गवत म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. एका व्हेरिएबलचा डेटाटाईप चुकीचा लिहिला आणि नव्वद वर्षं सगळा प्रोग्राम त्यावर चालला, असं म्हणा ना.

दर काय असत? कर्नाटकात दांडेलीच्या कागद कारखान्याला बांबू टनाला दीड रुपया या दरानं मिळत होता, हे माधव गाडगीळांनी लिहून ठेवलंय. टनाला दीड रुपया! सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरडाला बाजारात त्याच बांबूसाठी याच्या कितीतरी पट मोजावे लागत. आमच्याकडेही चित्र याच जातीचं. जंगलालगतच्या गोंडाला घराच्या कुडासाठी, कुंपणासाठी निस्तार हक्काचा ठरलेला बांबू. बुरडाला कार्डावर ठरलेला बांबू. त्यापलीकडे तोडला तर गुन्हा. आणि कारखान्यासाठी ट्रकच्या ट्रक. ज्याच्या घरामागे बांबू उगवतो त्यानं तो तोडायचा तो मजुरीवर, आणि पोटासाठी चोरून तोडला तर कोर्टाच्या तारखा.

म्हणजे बांबू पुन्हा उगवतो, खरंय. कागद मातीत जातो, तेही खरंय. पण या "निसर्गाला जवळच्या" मालाचा हिशोब माणसांच्या बाबतीत खाणीपेक्षा फार वेगळा नव्हता.

मेंढा

इथे गोष्ट बदलते, आणि बदलली ती एका छोट्या गावामुळे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). शंभरेक घरांचं गोंड गाव. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल यांची 'वृक्षमित्र' संस्था. १९८० च्या दशकापासून या गावानं एक सवय लावून घेतली. निर्णय ग्रामसभेत आणि सर्वसहमतीनं. मतदान नाही. एकाचा जरी विरोध असेल तरी पुन्हा बसायचं. (आमच्या टीमला साधं जेवायला कुठे जायचं यावर सहमती होत नाही, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक.) त्यासोबत अभ्यासगट. कायदा वाचायचा, जंगल मोजायचं, समजून घ्यायचं.

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्यात "गौण वनोपज" या व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट घातलेलं आहे. म्हणजे इथे बांबू झाड नाही. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांपैकी हे एक. पण घोडं अडलंच. बांबू तुमचा, ठीक. पण विकून गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो देणार वनखातं. खात्याचं म्हणणं, बांबू म्हणजे झाड. १९२७ चा तोच जुना बग!

दोन वर्षं भांडण चाललं. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू हे गौण वनोपज आहे असंच धरा. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांबरोबर मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढे २०१७ मध्ये वन कायद्यातली व्याख्याही बदलली. निदान जंगलाबाहेर लावलेला बांबू तरी आता कायद्यानं झाड राहिला नाही.

नीट बघा, काय बदललं? बांबू तोच. तोडणारे हात बहुतेक तेच. तो विकत घेणाऱ्यांना हवा होता तोही तसाच. बदललं ते एवढंच, की कोणत्या वर्षी किती तोडायचा, कुठला भाग राखायचा, काय भावाला द्यायचा हे आता गाव ठरवतं आणि परवान्यावर सही गावाची असते. दीड रुपया टन हा भाव तिथे कुणी सुचवून तर बघावा!

निकाल

आता इंजिनिअरला शोभेल असा हिशोब करू. एक कागदी फिल्टर साधारण दोन ग्रॅमचा धरा. रोज एक, म्हणजे वर्षाला पाऊण किलोच्या आत. तो बांबूचा असता आणि टनभर कागदाला अडीच टन बांबू धरला, तर वर्षाला दोन किलोसुद्धा बांबू लागत नाही. एक अख्खा बांबूही नाही. स्टीलचा फिल्टर पाव किलोचा, एकदाच घ्यायचा, वीस वर्षं टिकणार. वजनाच्या हिशोबात स्टील पुढे आहे, पण मुळात दोन्ही आकडे इतके छोटे आहेत की त्यावरून कुणी कुणाला पर्यावरणाचं प्रवचन देऊ नये. रविवारच्या पेपरच्या पुरवणीत याहून जास्त लगदा जातो आणि घराच्या एका खिडकीच्या गजात याहून जास्त लोखंड.

म्हणून फिल्टर कपाकडे बघून निवडावा. घरात कुणाचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, किंवा दिवसाला चार-पाच कप काळी कॉफी होत असेल, तर कागद. न पांढरा केलेला किंवा ऑक्सिजननं पांढरा केलेला, आणि चोथ्यासकट कुंडीत. एखाद-दुसरा कप, तोही दूध घालून, दाट चव आवडत असेल तर स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. गावाकडे उन्हाळ्यात पाण्याची मारामार असेल तेव्हा धुण्याचं पाणीही हिशोबात धरा. मेलिटाबाईंसारखं स्टीलच्या भोकांवर कागदाची चकती कापून ठेवली तर दोन्ही साधतं. फक्त डिकॉक्शन उतरायला वेळ जास्त लागतो.

आणि जंगलाची काळजी वाटत असेल (वाटायलाच हवी) तर तिचं ओझं दोन ग्रॅमच्या कागदावर टाकून मोकळं होऊ नये. "हे कशाचं बनलंय?" या प्रश्नाचं उत्तर पाकिटावर मिळतं. "ते जिथून आलं तिथे परवान्यावर सही कुणाची होती?" याचं उत्तर कुठल्याच पाकिटावर नसतं. चांद्यात लोखंडानं आणि बांबूनं दोघांनीही हेच दाखवलं, की माल वाईट किंवा चांगला नसतो. सूरजागड आणि मेंढा एकाच जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्यातला फरक लोखंड आणि बांबू एवढाच नाही.